आमच्या गाडीचा लूम

आमची मोटारसायकल डावीकडे वळायला तयार नव्हती. म्हणजे वळायची, पण वळता वळता बंद पडायची. सरळ न्या, उजवीकडे न्या, चढावर न्या, खड्ड्यात घाला, तिची काही हरकत नसे. हँडल पुरतं डावीकडे फिरलं की इंजीन एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घरापासून अंजूरच्या माझ्या शाळेपर्यंत डावीकडे न वळता जाता येत नाही. मी रस्ते बदलून पाहिले. भिवंडीत फक्त उजवीकडे वळायचं व्रत घेतलं तर माणूस फिरून फिरून आपल्याच दारात येतो आणि आई विचारते, काय विसरलीस?

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. गाडी बाबांची. जुनी, जड, किकची, आणि बाईमाणसाने चालवू नये अशी, असं आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांचं मत आहे. त्यातल्या कुणालाही ती सुरू करता येत नाही, पण मत आहे. बाबांचे गुडघे गेले तेव्हा किक मारायचं काम माझ्याकडे आलं आणि किकच्या पाठोपाठ गाडीही आली. शेअर रिक्षात चौथी म्हणून अर्धी बाहेर लोंबकळत शाळेत जाण्यापेक्षा मला ती हजारपट बरी वाटायची. कुणाची वाट बघायची नाही, कुणाच्या मांडीवर आपली पर्स ठेवायची नाही. चाळिशीतल्या, लग्न न केलेल्या बाईला भिवंडीत एवढंही पुष्कळ असतं. लग्नाचा विषय आई स्वतंत्रपणे हाताळते, त्यामुळे इथे नको.

बाबा एका पॉवरलूमच्या कारखान्यात मेहताजी होते. मेहता हे आमचं आडनाव नाही. भिवंडीत कारखान्याच्या कारकुनाला मेहताजी म्हणतात. हजेरी घ्यायची, किती कापड निघालं ते लिहायचं, आणि मालकाला जे ऐकायचं नसेल ते त्याला सांगायचं, असं ते काम. हाताने करायचं त्यात काही नव्हतं. पण इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात बसून बाबांनी एक कला उचलली होती. धागा तुटला की कारीगर दोन बोटांत दोन टोकं धरून क्षणात जी बारीक गाठ मारतो, ती गाठ. बाबांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि मग आयुष्यभर दुसरं काही शिकायची गरज त्यांना भासली नाही.

आमच्या घरात खिळा, स्क्रू, गोंद असल्या वस्तूंना फारसा वाव नाही. कपडे वाळत घालायची दोरी, बादलीची कडी, मच्छरदाणीचे कोपरे, आईच्या चष्म्याची साखळी, सगळं गाठीवर चालतं. एकदा बाथरूमच्या दाराची कडी तुटली तेव्हा पाहुण्यांना आत जाऊन सुतळीची गाठ मारून घ्यावी लागे, आणि बाहेर येताना ती सुटत नसे. बाबांना ते कौतुकाचं वाटलं. त्यांच्या मते चांगल्या गाठीची तीच खूण.

कारखाना बंद पडला तेव्हा लूम भंगारात गेले. बाबा ते बघायला गेले होते. क्रेनने उचलून ट्रकमध्ये टाकत होते, म्हणाले, आणि जेवायला बसले. त्यानंतर त्यांना कुणी काही विचारायला यायचं बंद झालं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीतून नाक्याकडे बघत उभं राहणं. फोन वाजायचा तो लोन देणाऱ्यांचा. बाबा त्यांच्याशीही बराच वेळ बोलायचे.

आणि मग माझा फोन यायचा. बाबा, गाडी बंद पडली.

हा माणूस त्या क्षणी दहा वर्षांनी लहान होत असे, असं आई म्हणते. कापडी पिशवीत पकड, चाकू आणि काळी टेप आधीच भरून ठेवलेली असायची. ते इस्त्रीचा शर्ट घालून शेअर रिक्षा पकडायचे, अंजूरफाट्याला किंवा मी जिथे असेन तिथे उतरायचे, आणि आसपास जमलेल्या लोकांकडे न बघता गाडीचा हेडलाइट उघडायचे. हेडलाइटच्या मागच्या डब्याला मेकॅनिक लोक डोम म्हणतात. बॅटरीकडून कॉइलकडे जाणारी, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारी सगळी वायरिंग त्या डोममधून वळसा घेऊन जाते. बाबा आत हात घालायचे, तुटलेली तार शोधायचे, तिची दोन्ही टोकं सोलायचे आणि आपली कारखान्यातली गाठ मारून वर टेप गुंडाळायचे. मग मी किक मारायची. गाडी सुरू व्हायची. बाबा रुमालाने हात पुसत म्हणायचे, "तार म्हणजे तार."

कारखान्यात धाग्यालाही तारच म्हणतात. बाबांचा सगळा वायरिंगचा अभ्यास त्या एका शब्दावर उभा होता.

शाळेजवळच्या चहावाल्याला याची इतकी सवय झाली होती की मी गाडी ढकलत आणली की तो दुरूनच खुर्ची पुसायचा. "बाई, मेहताजी निगाले हायत ना? मंग बसा, च्या घ्या." गावातल्या निम्म्या लोकांना मी विज्ञानाची बाई म्हणून माहीत नव्हते, मेहताजींची पोरगी म्हणून माहीत होते. बाबांचं तिथे नाव झालं होतं. मोटारसायकल धड असती तर ते झालं नसतं.

मग एक दिवस अंजूरफाट्याला, दोन कंटेनरच्या मधोमध, डावीकडे वळताना गाडी मेली. मागचा कंटेनर भोंगा वाजवत थांबला म्हणून मी आज हे लिहिते आहे. त्याच्या ड्रायव्हरने खाली उतरून माझ्या खानदानाबद्दल काही प्रश्न विचारले. मग गाडी कडेला घ्यायला त्यानेच हात लावला. घरी मी हे सांगणार नव्हते, पण भिवंडीत अशी बातमी आपल्याआधी घरी पोचते.

आईने त्याच संध्याकाळी निकाल दिला. "अजून एकदा बंद पडली की भंगारवाल्याला बोलावणार. तुमचे लूम गेले, तशी ही पण जाईल. कोण काय मरत नाही त्यावाचून." हे शेवटचं वाक्य तिने बाबांकडे बघून म्हटलं.

मला दोन्ही बाजूंनी अडचण दिसत होती. गाडी अशीच राहिली तर ती भंगारात जाणार, मी रिक्षात लोंबकळणार आणि बाबा गॅलरीत. गाडी नीट झाली तर मी खुशाल फिरणार आणि बाबा तरीही गॅलरीत. कारण त्यांना बोलावणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि मी बोलावत होते ती गाडी बंद पडायची म्हणून. कसंही मांडलं तरी म्हातारा गॅलरीत उभा राहायचा. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण कंटेनरखाली जाऊन वडिलांचं मन राखण्याइतकी मी श्रावणबाळ नाही. गाडी मीच नीट करायची ठरवली.

मेकॅनिककडे नेता आली असती. नेली होती. एकाने डोम उघडला, आत बघितलं, पुन्हा लावला आणि म्हणाला, "मॅडम, ये किसने किया?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. तो म्हणाला, "फिर उन्हींको दिखाओ." दुसऱ्याने सीट बदला असं सुचवलं.

म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. परदेशातला एक गोरा आजोबा, त्याच्या गॅरेजमध्ये आमच्या हॉलपेक्षा जास्त स्वच्छता, आणि समोर आमच्याच गाडीची थोरली बहीण म्हणावी अशी गाडी. तो सारखं एकच सांगत होता, लूम तपासा, लूम कुठे घासला गेलाय बघा, लूम जुना असेल तर बदला. गाडीतल्या सगळ्या तारांच्या जुडग्याला तिकडे लूम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे त्याला नुसतं वायरिंग म्हणतात.

आतल्या खोलीतून बाबा उठून आले. खूप दिवसांनी ते इतक्या झटकन उठले. "कोणाचा लूम बिघडला?"

"गाडीचा."

"गाडीत कुठे लूम असतो?"

मी व्हिडिओ दाखवला. बाबा चष्मा वर खाली करत बघत राहिले. गोरा आजोबा पुन्हा म्हणाला, लूम. बाबा खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू तो आजोबा खास भिवंडीच्या मेहताजींना सल्ला विचारायला आला आहे. "लूमचं असेल तर मला विचारायचं ना," ते म्हणाले. "तू उगाच त्याचं ऐकत बसलीस."

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गेले आणि शहाणपणा करून नवीन शिकलेला शब्द वापरला. "भैया, इस गाडी का लूम मिलेगा?" भिवंडीत उभं राहून हे विचारणारी मी बहुधा पहिलीच. दुकानदाराने गंभीरपणे वर बघितलं. "लूम चाहिए तो पूरा भिवंडी पड़ा है मॅडम. नया के पुराना?" बाजूचं एक गिऱ्हाईक म्हणालं, माझ्या चाचाला विकायचेत, चालू स्थितीत आहेत. मी समजावलं की मला तारा हव्यात, तर दोघांनी मिळून मला सुताच्या व्यापाऱ्याचा पत्ता दिला. शेवटी मी वायर, दाबून बसवायची पितळी टर्मिनलं, ती दाबायची पकड आणि गरम केली की आवळून बसणारी काळी नळी, असं एकेक बोट दाखवून घेतलं. त्या नळीला दुकानात स्लीव्ह म्हणतात.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. मेहताजी लूम घेतायत. बाबांच्या जुन्या ओळखीच्या लोकांचे फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, या धंद्यात आता काही राहिलं नाही, पडू नका. कुणी म्हणालं, घेतच असाल तर माझा फिटर पाठवतो. एक जण तर जागा बघून आला होता. मला वाटलं बाबा खुलासा करतील. बाबा गॅलरीत उभे राहून सांगत होते, "बघतोय अजून. घाई नाही. माल नीट तपासून घेणार." आई कपाळाला हात लावून बसली. इतक्या फोनचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता आणि मलाही तो बघायला आवडत होता.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात मी गाडी उभी केली आणि डोम उघडला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले, म्हणजे देखरेख. आतून आधी कापसाचा पुंजका बाहेर आला. गाडी कित्येक वर्षं कारखान्याच्या आतच उभी असायची, लूममधून उडणारी रुई तिच्या पोटात साठली होती. एखादी छोटी उशी भरली असती. रुई काढली तेव्हा गाठी दिसल्या.

मी एवढ्यांची अपेक्षा केली नव्हती. लाल तारेवर, काळ्या तारेवर, किल्लीकडे जाणाऱ्या तारेवर, कॉइलकडे जाणाऱ्या तारेवर, जिथे नजर जाईल तिथे टेपचे गोळे. टेप सोलली की आत गाठ. सुबक, बारीक, ओढली तर आणखी घट्ट होणारी. आणि प्रत्येक गाठीतलं तांबं हिरवं पडलेलं.

"बघ," बाबा अभिमानाने म्हणाले, "एक तरी सुटलीय का?"

सुटली नव्हती हे खरं होतं. मी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरीपाशी बारा व्होल्टच्या वर. मग किल्ली फिरवून कॉइलपाशी. दहासुद्धा नाहीत. वाटेत प्रत्येक गाठीने आपला हिस्सा कापून घेतला होता. या बाबतीत आमची वायरिंग बरीचशी सरकारी योजनेच्या धर्तीवर चालत होती. मी बाबांना आकडा दाखवला. ते म्हणाले, मीटर चायनाचा असेल.

"बाबा, गाठ सुटत नाही, पण करंट जायला तांब्याला तांबं नीट लागावं लागतं. हे हिरवं झालंय, ते मध्ये अडतं."

"मग गाडी चालू कशी व्हायची?"

"म्हणून तर बंद पडायची."

"बंद पडायची ती दुसरीकडे तार तुटल्यामुळे. मी मारलेली गाठ तुटल्याचं एक उदाहरण दाखव."

हा वाद मी वर्गात जिंकला असता. आवारात बिल्डिंगचे दोन काका येऊन उभे राहिले आणि दोघेही बाबांच्या बाजूने झाले, कारण गाठ त्यांना समजत होती. मी नाद सोडला आणि हँडल हळूहळू डावीकडे फिरवत डोममध्ये बघत राहिले. तेव्हा मला खरी गंमत दिसली. हँडल फिरलं तशा तारा ताणल्या जात होत्या. अगदी शेवटी त्या इतक्या ताठ झाल्या की किल्लीमागच्या एका तारेचं टोक आपल्या जागेवरून किंचित उचललं गेलं. उजवीकडे फिरवलं की सैल. डावीकडे फिरवलं की ताठ.

तारा आखूड झाल्या होत्या. प्रत्येक वेळी टोकं सोलायची, गाठ मारायची, म्हणजे बोटभर तार गाठीत गेली. पुढच्या वेळी आणखी बोटभर. बाबा गाडी दुरुस्त करत होते आणि दर दुरुस्तीला ती पुढच्या वळणावर बंद पडायची सोय करून ठेवत होते.

हे त्यांना कसं सांगावं याचा मी थोडा विचार केला. मग म्हटलं, "बाबा, कारखान्यात तार तुटली की गाठ मारतात, तेव्हा कापड आखूड होतं का?"

"कसं होईल? मागे बीम असतो. त्यावर लागेल तेवढं सूत. तार पुढे येत राहते."

"गाडीच्या मागे बीम कुठे आहे?"

बाबा उठून डोमपाशी आले, स्वतः हँडल डावीकडे फिरवलं, ताठ झालेल्या तारांवरून बोट फिरवलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काकांपैकी एकाने विचारलं, काय झालं मेहताजी? बाबा म्हणाले, "बीम नाहीये." काकांना काही कळलं नाही. बाबा जाऊन खुर्चीत बसले. "काप," ते म्हणाले.

मी कापायला लागले. प्रत्येक गाठ खाली पडली की बाबा सांगत, ही अंजूरफाट्याची. ही शाळेच्या गेटातली, तू पेपर घेऊन निघालेलीस. ही नारळवाल्यासमोरची, तिथे ऊन फार होतं. त्यांना सगळ्या आठवत होत्या. मला एकीचीही जागा सांगता आली नसती. एखादी राहू द्यावी असं मनात आलं हे कबूल करते. पण कंटेनरचा तो भोंगा अजून कानात होता, म्हणून कापत राहिले.

मग किल्लीपासून कॉइलपर्यंत नवीन तारा घातल्या, हँडल दोन्हीकडे पुरतं फिरून वर सैल राहतील इतक्या लांब. टोकांना टर्मिनलं दाबली, वर सोल्डरचा थेंब, त्यावर स्लीव्ह. बॅटरीची अर्थिंगची तार जिथे चेसिसला बसते तिथला रंग पॉलिश पेपरने घासून लख्ख लोखंड काढलं, कारण आधीच्या कुणीतरी ती तार सरळ रंगावरच आवळली होती आणि वर पुन्हा रंग दिला होता, शोभा यावी म्हणून. किल्लीच्या स्विचच्या आतले काळे पडलेले पॉइंट साफ केले. हातासरशी हॉर्नची तारही बदलली. पुन्हा मीटर लावला. बॅटरी आणि कॉइल यांच्या आकड्यात आता नावापुरता फरक होता. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी हँडल डावीकडे टोकापर्यंत नेऊन धरलं. इंजीन शांतपणे चालत राहिलं.

काकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "आवाज बदलला." मग पिशवीत पकड, चाकू आणि टेप ठेवून वर गेले.

त्यानंतरचे दिवस गाडीच्या दृष्टीने सुखाचे गेले. मी डावीकडे वळले, खड्ड्यातून गेले, पावसातून गेले, कंटेनरच्या शेजारून गेले. गाडी एकदाही खोकली नाही. चहावाला खुर्ची पुसायचा थांबला. मी वेळेवर शाळेत पोचायला लागले आणि मुख्याध्यापिकांना संशय आला की माझी कुठेतरी बदलीची खटपट चालू आहे.

संध्याकाळी घरी आले की बाबा विचारायचे, "आज?"

"काही नाही."

"बरं."

लूमची अफवाही विझली. फोन पुन्हा लोनवाल्यांचे. बाबा आता गॅलरीतही फार वेळ थांबत नसत, सरळ स्वयंपाकघरात येऊन उभे राहत. आईच्या हातातला झारा घेऊन बघत. डब्यांची झाकणं पडतात म्हणून त्यांनी प्रत्येक झाकण डब्याला सुतळीने बांधलं. आईला साखर काढायला दोन हात आणि कात्री लागायला लागली. शेवटी तीच, जिने भंगारवाल्याची धमकी दिली होती, मला एकटीला गाठून म्हणाली, "तुझी ती गाडी हल्ली बंद कशी पडत नाही ग?"

"नीट केली ना. तूच म्हणालीस."

"मी एवढी नीट कर म्हटलं नव्हतं."

मग एका सकाळी हॉर्न वाजेना. हे मला अंजूरफाट्यालाच कळलं, जिथे लोक ब्रेकऐवजी हॉर्न वापरतात आणि ज्याचा हॉर्न वाजत नाही त्याला रस्त्यावर आहे असं धरत नाहीत. मी ओरडत, हात हलवत कशीबशी शाळेजवळ पोचले. गाडी उभी करून हॉर्नपाशी वाकले. टर्मिनल निसटलं होतं. मी दाबून बसवलेलं, वर आपण होऊन सरकणार नाही अशी स्लीव्ह चढवलेलं टर्मिनल. स्लीव्ह नीट मागे सरकवलेली होती. सरकवताना तिच्यावर नखाचे वळ उठले होते. शेजारच्या बाकीच्या तारांना, ज्यांच्यावर इंजीन चालतं, कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

मी तिथेच उकिडवी बसून राहिले. टर्मिनल जागेवर ढकललं असतं तर काम तिथेच संपलं असतं. माझा हात पुढे गेलाही होता. मग मी फोन काढला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. "कुठे आहेस?" काय झालं असं त्यांनी विचारलंच नाही.

चहावाल्याने मला बघितलं आणि खुर्ची पुसली. बाबा रिक्षातून उतरले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "मेहताजी, लय दिवस दिसला न्हाय," चहावाला म्हणाला.

"काम नव्हतं," बाबा म्हणाले. "हिने सगळं नवीन केलंय ना. नवीन जोड टिकत नाही."

"हो बाबा," मी म्हटलं. "माझीच कच्ची राहिली."

ते हॉर्नपाशी वाकले. टर्मिनल चिमटीत धरून बसवायला गेले. ते जागेच्या शेजारी जाऊन लागलं. पुन्हा गेले, पुन्हा चुकलं. चष्मा कपाळावर घेतला, खाली घेतला, मान तिरकी करून बघितलं. पितळी टोक त्यांच्या बोटांत होतं आणि ते कुठे घालायचं ते त्यांना दिसत नव्हतं. डोममध्ये हात घालून ते तारा चाचपडत का शोधायचे, आणि त्यांची सगळी दुरुस्ती एका गाठीपाशी येऊन का थांबायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गाठ बघून मारावी लागत नाही. मला एकदम रडू आलं आणि मी ते चहावर ढकललं, फार गरम आहे म्हणून.

"हे काय बसत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "याची साइज चुकलीय. मी आपली गाठ मारतो."

"मारा," मी म्हटलं.

त्यांनी टर्मिनल कापून टाकलं, हॉर्नच्या अंगाला तारेचं एक शेपूट होतं त्याला जोड दिला, आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलत, तारेकडे न बघता, क्षणात गाठ मारली. टेप गुंडाळली. मी बटण दाबलं. हॉर्न वाजला, आधीपेक्षा जरा बारीक.

हॉर्न तेव्हापासून अधूनमधून बंद पडतो. आई भंगारवाल्याचं नाव काढत नाही. अशाच एका रविवारी मी हॉर्नची तार पुन्हा काढली आणि तिथे लागते त्याच्या कितीतरी पट लांब तार घातली, वेटोळं करून टाकीखाली कोंबली. आई गॅलरीतून बघत होती. "एवढीशी वीतभर जागा," ती म्हणाली, "तिथे एवढी तार कशाला?"

"बाबांना पुरायला हवी," मी म्हटलं.